बर्फाचा दरिया

नववीच्या भूगोलात बाह्यप्रक्रियांचा धडा आहे. नदी, वारा, भूजल, सागरी लाटा आणि हिमनदी यांच्यामुळे जमिनीची झीज कशी होते आणि भर कशी पडते, ते त्यात येते. मराठी माध्यमातल्या मुलांना 'हिमनदी' म्हटले की निदान दोन ओळखीचे शब्द मिळतात. आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो. तिथे 'गलेशियर' म्हणायचे आणि मग समजावून सांगायचे, 'बर्फ का दरिया'. उर्दूत दरिया म्हणजे नदी. पण सोलापूरच्या आमच्या मुलांच्या कानांवर गल्लीतली मराठीही असते आणि मराठीत दर्या म्हणजे समुद्र. दर वर्षी कोणीतरी विचारतेच, "मिस, दरिया बोले तो समंदर ना?" मग नदी की समुद्र यात पाच मिनिटे जातात. बरे, बर्फ म्हणाल तर मुलांनी पाहिलेला बर्फ म्हणजे सरबतवाल्याच्या हातगाडीवर गोणपाटात गुंडाळलेली लादी. ती लादी दुपारपर्यंत अर्धी होते. तसल्या बर्फाची वीस-पंचवीस किलोमीटर लांब नदी असते आणि ती वाहते, हे त्यांनी मानावे तरी कसे?

आम्ही तिघी एकाच शाळेत आहोत. एक भूगोल-इतिहास शिकवते, एक विज्ञान, एक उर्दू. बी.एड.ही तिघींनी एकाच वर्षी केले. तिशी केव्हाच ओलांडली, चाळिशी अजून आलेली नाही. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा पाचवी ते दहावी प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या होत्या. आता नववी-दहावीला दोन आहेत, पाचवीला एक. बाहेरून येणाऱ्याला शाळा भरलेलीच दिसते. मैदानावर गर्दी, मधल्या सुट्टीत आरडाओरडा, दहावीचा निकालही चांगला. पण पाचवीच्या वर्गात शेवटचे तीन बाक रिकामे असतात, आणि ते फक्त शिक्षकांना दिसतात. २०२४च्या उन्हाळ्यात संचमान्यतेचा हिशेब लागला तेव्हा आमच्या तिघींपैकी एक 'अतिरिक्त' ठरली. शिक्षकी पेशातल्या वाचकांना हा शब्द समजावून सांगायला नको. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : पट कमी झाला की शिक्षकाची जागा कमी होते, आणि जो शिक्षक उरतो त्याचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते. उर्दू माध्यमाच्या शिक्षकाला उर्दूचीच शाळा लागते. ती जवळपास मिळेलच असे नाही.

ती कोण, हे इथे सांगण्याची गरज वाटत नाही. त्या उन्हाळ्यात ते ओझे तिघींनीही वाहिले. आणि त्यातूनच, पुढच्या वर्षी एका शाळेत असू की नसू या विचाराने, अनेक वर्षे नुसता बोलण्यात असलेला बेत ठरला. हिमनदी बघायची. गाडी करून नाही, टूर कंपनीबरोबर नाही. पाठीवर सॅक घ्यायची, रेल्वे, बस, शेअर टॅक्सी मिळेल त्याने जायचे. भिशीचे पैसे होते. ७ मेच्या मतदानाच्या ड्यूटीचा भत्ता होता. एका सॅकची सोय शेजारच्या एन.सी.सी.तल्या मुलाने केली.

घरी 'कारगिल' हे नाव काढले आणि सगळे दचकले. १९९९ साली आम्ही प्राथमिक शाळेत होतो. कारगिल म्हणजे टीव्हीवरचा धूर, तोफा आणि शाळेत जवानांसाठी जमवलेला निधी. अम्मीच्या पिढीच्या मनात ते गाव अजून त्या धुरातच आहे. गल्लीतल्या एका बुजुर्गांनी दुसरा प्रश्न काढला, "महरम कौन है साथ में?" विचारण्यात कुत्सितपणा नव्हता, काळजी होती. आमच्यातली एक म्हणाली, "चाचा, इलेक्शनच्या दिवशी मशिनी जमा करून रात्री अकराला आलो, तेव्हा कोणी महरम विचारला नाही." चाचा हसले. खरे तर २०१८पासून पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना चौघींच्या गटाने महरमशिवाय हजला जाण्याची वाट आपल्याकडे मोकळी झाली आहे. आम्ही तिघीच, त्यात वय कमी, आणि जायचे बर्फाकडे. त्या नियमात आम्ही कुठेच बसत नव्हतो. शेवटी घरच्यांनी परवानगी दिली ती आमच्या युक्तिवादांमुळे नव्हे. 'अतिरिक्त' ठरलेलीचा उतरलेला चेहरा बघून दिली.

प्रवासाचे फार लिहीत नाही. कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, पुढे जम्मू, जम्मूहून श्रीनगर, तिथून शेअर टॅक्सीने सोनमर्ग आणि झोजिला. सोलापूर सोडले तेव्हा पारा चाळिशीच्या वर होता. सातव्या दिवशी साडेतीन हजार मीटर उंचीच्या झोजिलात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळपट बर्फाच्या भिंती होत्या. आमच्यातल्या एकीने काच खाली करून हात लावला. ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, यह तो कचरा है, असली आगे है."

कारगिलात दोन दिवस थांबलो. उंचीची सवय व्हावी हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे तिथून पाय निघेना. बाजारातल्या पाट्या उर्दूत होत्या. सोलापुरात उर्दू पाटी म्हणजे मशीद, मदरसा, एखादे वाचनालय. इथे औषधांचे दुकान, टायरचे दुकान, न्हावी, सगळे नस्तालीकमध्ये. आम्ही तिघी लहान मुलांसारख्या पाट्या वाचत चाललो होतो. एका किराणा दुकानदाराने विचारले, कुठून आलात? महाराष्ट्र म्हटल्यावर त्याला आमच्या उर्दूचेच आश्चर्य वाटले. महाराष्ट्रात सरकारची बालभारती मराठीबरोबर उर्दूतही पाठ्यपुस्तके छापते, हे त्याला खरे वाटेना. विज्ञानवालीने मोबाइलमध्ये आठवीच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ काढून दाखवले. त्याने शेजारच्या दुकानदाराला बोलावून तेही दाखवले.

इथे एक गोष्ट लक्षात आली. कारगिलच्या लोकांची मायबोली उर्दू नाही. ते पुर्गी बोलतात. ती तिबेटी कुळातली भाषा, बाल्टीची सख्खी बहीण. उर्दू त्यांना शाळेतून आणि कचेरीतून मिळाली. जम्मू-काश्मीर संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीच्या जागी उर्दू कारभारात आली आणि ती इथपर्यंत पोहोचली. आमच्या घरी तरी कुठे उर्दू आहे? घरी दखनी आणि बाहेर मराठी. उर्दू आम्हीही शाळेतच शिकलो. दोन टोकांच्या माणसांना शाळेतून मिळालेली एक भाषा, आणि त्या भाषेत आम्ही साखरेचा भाव विचारत होतो. २०१९मध्ये लडाख केंद्रशासित झाल्यावर तिथे उर्दूचे काय होणार ही चर्चा होती. पुढे २०२५ साली इंग्रजी, हिंदी, उर्दू, भोटी आणि पुर्गी अशा पाच भाषांना राजभाषेचा दर्जा मिळाला. आम्ही गेलो तेव्हा हे व्हायचे होते. दुकानदार म्हणाला होता, "लिखने वाले रहेंगे तो ज़बान रहेगी, पाटी का क्या है." वाक्य साधे होते, पण 'अतिरिक्त' ठरलेलीने ते डायरीत लिहून घेतले.

कारगिलची बहुसंख्य वस्ती शिया आहे. इमामबाडे, काळी निशाणे, दुकानांतून आयतुल्लाह खोमेनींची चित्रे. आम्ही सुन्नी घरांतल्या. पण सोलापूरच्या मोहरमात पंजे आणि सवाऱ्या बघत वाढलेल्या माणसाला करबला परकी नसते. तिथल्या बायकांना हे सांगितले तेव्हा, हिंदूही पंज्यांपुढे नवस बोलतात याचे त्यांना मोठे अप्रूप वाटले. चहा दोनदा झाला. पहिला गोड, पाहुण्यांसाठी. दुसरा खारा, लोणी घातलेला, घरच्यांसाठी. दुसरा मिळाला म्हणजे आपण पाहुणे राहिलो नाही, असे म्हणतात. चवीबद्दल मात्र आमच्या तिघींत अजून एकमत नाही.

कारगिलहून सुरू नदीच्या काठाने रस्ता दक्षिणेला जातो. सांकू, पनिखर, पार्काचिक, रांगदुम, मग पेन्सी ला खिंड, आणि खिंडीपलीकडे झांस्कर. पदुमपर्यंत सुमारे दोनशे तीस किलोमीटर. रस्ता रुंद करण्याचे काम चालू होते. बर्फाच्या प्रदेशात निघालेल्या आम्ही आधी धुळीने पांढऱ्या झालो. सुरूचे खोरे बघताना मात्र धूळ विसरलो. डोंगर पूर्ण उघडे, एक झाड नाही, आणि त्यांच्या पायथ्याशी अगदी आखून दिल्यासारखी हिरवी पट्टी. जवाचे कोवळे शेत, वाळुंज आणि पॉप्लरच्या रांगा, जर्दाळूची झाडे. हिरवी पट्टी जिथे संपते तिथे एक पाट असतो. पाटाच्या वर दगड, पाटाच्या खाली गाव. या भागावर पावसाची फारशी कृपा नाही. सगळे पाणी वरच्या बर्फातून येते. आमची भीमा पावसावर जगते. पाऊस पडला तर उजनी भरते, नाही पडला तर नळ चार-पाच दिवसांआड येतो आणि आम्ही आभाळाकडे बघतो. सुरूतली माणसे आभाळाकडे बघत नाहीत, डोंगराच्या माथ्याकडे बघतात. ऊन कडक पडले की त्यांच्या पाटाला पाणी वाढते. उन्हाने पाणी वाढते, हे आम्हा सोलापूरकरांना पचायला वेळ लागला.

पनिखरच्या आसपास एका घरी मुक्काम केला. घरमालक प्राथमिक शिक्षक निघाले. मग रात्री काय बोलणे झाले असेल ते शिक्षकांना सांगायला नको. मोठा भाऊ निकाल ऐकायला रेडिओशी बसला होता, लोकसभेची मतमोजणी होती. आमच्या नखावरची शाई ७ मेची, त्यांची २० मेची. विज्ञानवालीने दोन्ही नखे शेजारी ठेवून दाखवली. आमची शाई वर सरकून खाली कोरे नख आले होते. "आता याला सरकताना कोणी बघितले का? पण सरकले." त्या घरातली आठवीतली मुलगी एवढी हसली की पुढे तिने आमची पाठच सोडली नाही.

गुरुजींच्या शाळेत मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. गावात लहान मुले होती. पण ज्याला परवडते तो मुलाला कारगिलला इंग्रजी शाळेत ठेवतो. ते शांतपणे सांगत होते. सोलापूरहून तीन हजार किलोमीटरच्या आसपास आलो, आणि ओसरीवर तेच बोलणे. आमच्यातली 'अतिरिक्त' म्हणाली, "गुरुजी, मैं सरप्लस हूँ." ते म्हणाले, "मैं भी, बस हुक्म आना बाक़ी है." दोघेही हसले. आम्ही नाही हसलो.

दुसऱ्या दिवशी पार्काचिकला पहिली हिमनदी दिसली. ती नून आणि कून या सात हजार मीटरवरच्या जोडशिखरांच्या बाजूने उतरते आणि जवळजवळ सुरूच्या पाण्यात पाय सोडून बसते. रस्त्यावरून नदीपलीकडे तिचे तोंड दिसते. मळके, फाटके, दगडमातीने भरलेले. पुस्तकातले चित्र निळे-पांढरे असते. भूगोलवाली मात्र खूश होती. "बघा, पार्श्व हिमोढ. तो बघा, अंत्य हिमोढ." हिमनदी डोंगर खरवडून जो दगडगोटा वाहून आणते आणि कडेला, पुढे, मध्ये टाकते त्याला हिमोढ म्हणतात. फळ्यावर काढताना त्याच्या चार रेघा असतात. इथे एकेक रेघ दोन-तीन मजली उंच होती.

रांगदुमला खोरे एकदम रुंद होते आणि वस्तीही बदलते. इथून पुढे बौद्ध गावे. टेकडीवर जुना गोम्पा आहे. सलामाच्या जागी 'जुले' आले. 'जुले'ने नमस्कार होतो, आभार होतात, निरोपही होतो. रांगदुमचा एक तरुण वाटाड्या म्हणून बरोबर आला. त्या रात्री डोके ठणकत होते. विज्ञानवालीने हिशेब सांगितला, चार हजार चारशे मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या घरात. म्हणजे दहा श्वासांत सहाच श्वासांची हवा. हिशेब कळल्याने डोके थांबले नाही, पण भीती कमी झाली.

पेन्सी ला ही खिंड सुमारे ४,४०० मीटरवर आहे. वर पताका फडफडत होत्या. जवळच्या तळ्यांच्या कडेला बर्फ होता. खिंड ओलांडून झांस्करच्या बाजूला थोडे उतरले की उजव्या हाताला दरी उघडते आणि द्रांग-द्रुंग समोर येते.

काय सांगावे? आधी ती नदीच वाटली. उंच शिखरांमधून निघालेली, एक वळण डावीकडे, एक उजवीकडे, रुंद, संथ, पांढरी नदी. तिच्या अंगावर लांबच लांब काळ्या रेघा, जशा पूर आलेल्या नदीच्या प्रवाहात दिसतात. त्या रेघा म्हणजे मध्य हिमोढ. दोन हिमनद्या मिळतात तेव्हा दोघींच्या कडेचा दगडगोटा मधोमध येतो आणि खालपर्यंत तशीच रेघ जाते. सगळी नदी जणू कोणीतरी 'थांब' म्हटल्याने थांबलेली. द्रांग-द्रुंगची लांबी सुमारे तेवीस किलोमीटर आहे. सियाचीन सुमारे शहात्तर किलोमीटरची, ती काराकोरममध्ये, आणि तिथे आपल्यासारख्याला कोण जाऊ देतो? लडाखच्या या बाजूला हिच्याएवढी मोठी दुसरी नाही. आम्ही मनात हिशेब केला. सोलापूरपासून तुळजापूरच्या वाटेने निघालो तर निम्मे अंतर काटेपर्यंत एक सलग बर्फ. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग उर्दूवाली म्हणाली, "मुलं बरोबर होती. हा दरियाही आहे आणि दर्याही."

वाटाड्याने खाली नेले. उतार दगडांचा आणि फसवा. समोर दिसणारी गोष्ट दोन तास चालले तरी समोरच राहत होती. सॅक वरच गाडीत ठेवल्या होत्या, तरी पावलापावलाला थांबावे लागत होते. खाली पोहोचलो तेव्हा हिमनदीच्या तोंडाशी एक तळे होते, राखी रंगाच्या पाण्याचे. त्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते. तळ्यापलीकडे बर्फाची भिंत, वर मळकट, भेगांमध्ये निळी. बर्फाचा जाड थर प्रकाशातला तांबडा रंग शोषून घेतो आणि निळा उरतो, ही विज्ञानवालीची माहिती. बर्फावर पाय ठेवायला वाटाड्याने परवानगी दिली नाही. वर ताजा हिम असला की खालच्या भेगा झाकल्या जातात आणि माणूस दिसेनासा होतो. आम्हीही आग्रह धरला नाही.

तिथे बसल्यावर आवाज ऐकू येऊ लागले. लांबून हिमनदी मुकी वाटते. जवळ गेल्यावर ती सतत बोलते. कुठेतरी पाणी टपकते आहे, कुठेतरी दगड घरंगळतो आहे, आणि मध्येच आतून एक खोल 'कड्' असा आवाज, जुन्या वाड्याचे तुळईचे लाकूड वाजावे तसा. बर्फ खरोखर सरकत असतो. वर दर हिवाळ्यात हिम पडते. त्यावर पुढच्या वर्षीचे. दाबून दाबून हवा निघून जाते आणि भुसभुशीत हिमाचा टणक बर्फ होतो. तो आपल्याच वजनाने उतारावरून खाली येऊ लागतो. खाली ऊब असते, तिथे वितळतो. वर भर, खाली खर्च. दोन्ही सारखे असतील तर हिमनदी वर्षानुवर्षे आहे तिथेच दिसते, जरी तिच्यातला बर्फ तोच नसतो.

आणि भर कमी पडली तर? भूगोलवाली सांगत होती. ती सांगत होती आम्हाला, पण बोलत होती स्वतःशीच. वर भर कमी पडली तरी खाली लगेच समजत नाही. अनेक वर्षे बर्फ येतच राहतो, कारण तो जुना, पूर्वी पडलेला असतो. हिमनदी पूर्वीइतकीच रुंद, पूर्वीइतकीच दिमाखदार दिसते. पाणीही भरपूर देते, कधी कधी जास्तच देते. लोक म्हणतात, काही झालेले नाही. मग एके वर्षी तोंड मागे सरकते, पुढे तळे साचते. ते तळे आमच्यासमोरच होते. वाटाड्या म्हणाला, त्याच्या वडिलांच्या आठवणीत तिथे बर्फ होता. उपग्रहांच्या चित्रांवरूनही द्रांग-द्रुंग मागे हटते आहे, असेच अभ्यासक सांगतात. हवा तापते आहे, आणि धूळ-काजळी बर्फावर बसली की तो ऊन परत न फेकता पिऊन टाकतो. थर पातळ असेल तर वितळणे वाढते. हिमोढासारखा जाड दगडांचा थर मात्र बर्फाला पांघरूण होतो.

आमच्यातली 'अतिरिक्त' तेवढ्यात म्हणाली, "म्हणजे आपली पाचवी." आमच्या शाळेत भर खालून पडते आणि मुले वरून, दहावीतून, निघून जातात. इथे उलटे. बाकी सगळे तेच. तिघींपैकी कोणालाही हे बोलणे नकोसे वाटले नाही. उलट पंधरा दिवस घशात अडकलेले काहीतरी मोकळे झाले. पुढे अर्धा तास त्या तळ्याकाठी आम्ही शाळेबद्दलच बोलत होतो. कोणत्या महापालिका शाळेतून किती मुले येत, कधीपासून कमी झाली, कोणत्या गल्लीतली माणसे हैदराबाद रोडकडे राहायला गेली. पुण्याहून इंग्रजी शाळेची बस कोणत्या वर्षी आली असेल, असे वाटाड्याने विचारले असते तर तेही सांगितले असते. त्याला मराठी येत नव्हते, म्हणून तो बिचारा सुटला.

जोहरची वेळ झाली. वुजूला पाणी हवे. पाणी समोर तळेभर, पण त्यात बोट बुडवले की बोट आपले राहत नव्हते. थंड पाण्याने अपाय होण्याची भीती असेल तर तयम्मुम चालतो, असे एकीचे म्हणणे. दुसरी म्हणाली, "एवढ्या पाण्याकाठी बसून मातीवर हात मारायचा? कयामतच्या दिवशी हा गलेशियर साक्ष देईल." शेवटी दोघींनी वुजू केला आणि एकीने तयम्मुम. नमाज मुसाफिराची, कसर, म्हणून लवकर आटोपली. सजद्यात कपाळाला लागलेला दगड गुळगुळीत होता. हिमनदीनेच घासलेला. वाटाडा बाजूला पाठ करून बसून राहिला होता. नमाज झाल्यावर म्हणाला, "जुले."

दुपार कलू लागली तसे ओढ्यांचे पाणी वाढले. सकाळी दगडांवर पाय ठेवत ओलांडलेला ओढा परतताना गुडघ्याला लागला. दिवसभराच्या उन्हाने वितळलेले पाणी संध्याकाळी खाली पोहोचते. द्रांग-द्रुंगच्या पाण्याची दोदा नदी होते, ती झांस्कर नदीला मिळते, आणि झांस्कर निम्मूजवळ सिंधूला. खिंडीच्या अलीकडचे पाणी सुरू होऊन कारगिलवरून जाते आणि नियंत्रण रेषेपलीकडे बाल्टिस्तानात सिंधूला मिळते. एका खिंडीत पाठ फिरवलेली दोन पाणी शेकडो किलोमीटर हिंडून सीमेपलीकडे पुन्हा एक होतात. बाल्टिस्तान आणि गिलगिटकडे हिमनद्यांचेही लग्न लावायची जुनी चाल आहे. दगडमातीने काळी पडलेली हिमनदी नर, स्वच्छ, भरपूर पाणी देणारी मादी. दोन्हींचे तुकडे पाठीवरून उंच, सावलीच्या जागी नेऊन एकत्र पुरतात, की तिथे नवी हिमनदी धरावी. गुरुजींच्या घरी परतल्यावर त्यांच्या आईने हे ऐकले, तर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "हाँ, पर वाट में बोलना मना है." म्हणजे नेणाऱ्यांनी वाटेत बोलायचे नसते.

लोक करतात हे खरे. लेहकडचे इंजिनियर चेवांग नॉरफेल यांनी निवृत्तीच्या आधी आणि नंतरही गावांच्या वर हिवाळ्याचे पाणी अडवून कृत्रिम हिमनद्या केल्या. २०१५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी २०१३च्या हिवाळ्यापासून बर्फाचे स्तूप उभारले, जे वसंतात पेरणीच्या वेळी पाणी देतात. आणि जमत नाही तिथे माणसे उठतात. झांस्करमधल्या कुमिक गावावरचे हिम कमी झाले, ओढा आटत गेला, आणि शेवटी गावाने खाली नदीजवळच्या माळावर नवी घरे बांधायला घेतली. शेकडो वर्षांचे गाव असे 'समायोजित' झाले. हा शब्द आमचा, त्यांचा नव्हे. त्यांनी स्वतः पाट खणला.

परत येताना गुरुजींनी आमच्या सॅकमध्ये वाळवलेल्या जर्दाळूंची पिशवी कोंबली. त्यांच्या आठवीतल्या मुलीने पत्ता लिहून घेतला, उर्दूत, सुरेख वळणाच्या अक्षरात. तिची दोन पत्रे आली आहेत. दुसऱ्यात तिने विचारले आहे की तुमच्या नखावरची शाई गेली का.

१५ जूनला शाळा उघडली, १७ला बकरी ईद झाली, आणि ईदच्या तिसऱ्या दिवसापासून आम्ही पाचवीच्या प्रवेशासाठी घरोघर फिरायला लागलो. समायोजनाचे पत्र ऑगस्टमध्ये आले. दुसऱ्या तालुक्यातली शाळा मिळाली, एस.टी.चा दीड तास. पण त्या जूनमध्ये ती आमच्याबरोबर होती. जी शाळा सोडायची तिच्यासाठी मुले मागत ती सगळ्यांत पुढे चालायची. एका घरी बाई विड्या वळत बसली होती. हात न थांबवता तिने विचारले, "उर्दू में पढ़के क्या होता मिस?" आम्ही सांगितले की आम्ही तिघी उर्दूतच शिकलो. ती म्हणाली, "और तुम्हारे बच्चे?" दोघींची उर्दू शाळेत आहेत, तिसरीचा मुलगा इंग्रजी शाळेत. ते तसेच सांगितले. तिने वळलेल्या विड्या मोजून जुडी बांधली, सुपात टाकली, आणि मग पुन्हा काही विचारले नाही. आम्ही सलाम करून बाहेर पडलो.

सोमवारी साडेदहाला ती मुलीला घेऊन शाळेत आली. चौथीचा दाखला, आधार कार्ड, दोन फोटो. मुलीचे नाव रजिस्टरमध्ये लिहिले ते तिनेच, जिला ऑगस्टमध्ये जायचे होते.